अळीचे रक्त काळे का पडत नाही

वैनगंगेच्या दोन्ही बाजूंना, म्हणजे चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही, सावली, मूल या तालुक्यांत आणि पलीकडे गडचिरोली जिल्ह्यातील आरमोरीच्या परिसरात, ऐन आणि अर्जुन या झाडांवर टसर रेशमाचे किडे पोसण्याचा व्यवसाय पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. झाडीपट्टीच्या बोलीत ऐनाला ‘येन’ म्हणतात आणि टसरच्या कोशाला ‘कोसा’. हा कोसा काढण्याचे काम परंपरेने मुख्यतः ज्या ढिवर समाजाकडे आहे, त्याचा दुसरा आणि अधिक परिचित व्यवसाय नदीतली व मामा तलावांतली, म्हणजे माजी मालगुजारी तलावांतली, मासेमारी हा आहे. त्यामुळे जाळ्यात येणारा झिंगा, तळाच्या चिखलातला शिंपला आणि जंगलातल्या झाडावरची अळी हे तीनही जीव एकाच घराच्या ओळखीचे असतात. जीवशास्त्राच्या दृष्टीने ही सोबत योगायोगाची असली तरी अर्थपूर्ण आहे, कारण या तिन्ही जीवांची रोगाशी झुंजण्याची रीत मूलतः एकच आहे आणि त्यांच्यावर उलटणारे रोगजंतूही बऱ्याच अंशी त्याच युक्त्या वापरतात.

माणसाला, गाईला किंवा कोंबडीला एखादा रोग होऊन गेला की त्या रोगजंतूला नेमके ओळखणारी प्रथिने, म्हणजे प्रतिपिंडे, शरीरात तयार होतात आणि ती ओळख जपून ठेवणाऱ्या पेशी मागे उरतात. तोच जंतू पुन्हा आला की त्याला पहिल्यासारखा वेळ मिळत नाही, आणि लसीकरणाचे सारे शास्त्र या स्मृतीवरच उभे आहे. पाठीचा कणा नसलेल्या प्राण्यांत प्रतिपिंडे नसतात. एका संसर्गातून वाचलेला कीटक काही काळ अधिक सावध राहतो असे काही प्रयोगांत दिसले आहे, परंतु त्या सावधपणाला लसीसारखा भरवसा नाही. नात्याच्या दृष्टीने पाहिले तर कीटक हे झिंगे-खेकड्यांच्या वंशवृक्षाचीच एक फांदी ठरतात, म्हणून टसरची अळी गांडुळापेक्षा झिंग्याला कितीतरी जवळची आहे. शिंपला या दोघांपासून फार पूर्वी वेगळा झाला, तरी स्मृतीवाचून लढण्याची पाळी त्याच्यावरही आलेली आहे. असे असूनही हे प्राणी कोट्यवधी वर्षे टिकून आहेत, आणि त्यावरून त्यांचे संरक्षण दुबळे नाही एवढे तरी मान्य करावे लागते.

टसरच्या अळीचे शास्त्रीय नाव अँथेरिया मायलिट्टा असे आहे. विदर्भाच्या या पट्ट्यात तिचा जो स्थानिक प्रकार रूढ आहे, त्याला ‘भंडारा’ याच नावाने ओळखतात. चार वेळा कात टाकून पाचव्या अवस्थेत पोचलेली ही अळी बोटभर लांब, जाड, पानासारखी हिरवी असते आणि तिच्या अंगावर बारीक गाठी व कडेला चांदीसारखे चमकणारे ठिपके असतात. अशा अळीला सुई टोचली असता जे रक्त बाहेर येते ते लाल नसून फिकट हिरवट-पिवळसर असते, आणि काचेच्या पट्टीवर तो थेंब तसाच उघडा ठेवला तर काही मिनिटांत तो कडेकडून मळकट होऊ लागतो आणि शेवटी काळा पडतो. हा काळा रंग मेलॅनिनचा, म्हणजे माणसाच्या केसांना व कातडीला रंग देणाऱ्या द्रव्याच्याच जातीचा असतो. कापून ठेवलेले सफरचंद किंवा वांगे तपकिरी पडते त्याच्याशी या क्रियेचे साम्य आहे, मात्र अळीच्या अंगात हे काळे पडणे म्हणजे लढाई असते. जखम याच द्रव्याने बुजते, घुसलेल्या जंतूभोवती त्याचेच कवच बसते आणि ते तयार होताना निघणारी विषारी रसायने त्या जंतूला मारतात.

अर्थात हे हत्यार दुधारी आहे, कारण रक्त मनमानीने काळे पडू लागले तर अळी स्वतःच मरेल. म्हणून त्याला आवश्यक असलेले फिनॉलऑक्सिडेज हे विकर रक्तात निष्क्रिय रूपात साठवलेले असते. जिवाणूंच्या किंवा बुरशीच्या पेशीभित्तीत असणारी काही द्रव्ये प्राण्यांच्या शरीरात कधीच आढळत नाहीत. ती दिसली की रक्तातली ओळख पटवणारी प्रथिने त्यांना चिकटतात, मग एक विकर दुसऱ्याला, दुसरे तिसऱ्याला जागे करते आणि या साखळीच्या शेवटी फिनॉलऑक्सिडेज कामाला लागते. ही साखळी वेळेवर थांबावी यासाठी तिच्या मधल्या कड्यांना घट्ट पकडून निकामी करणारी प्रथिनेही अळी स्वतः बनवते, आणि त्यांना सर्पिन म्हणतात. सर्पिन म्हणजे या व्यवस्थेचा लगाम होय. हा लगाम पुढे महत्त्वाचा ठरणार असल्याने त्याचे नाव ध्यानात ठेवणे सोयीचे.

रक्तातल्या पेशींचे काम याला जोडूनच चालते. त्या एकेकट्या जिवाणूला गिळून टाकतात, आणि जिवाणू फार असतील तर अनेक पेशी एकत्र येऊन त्यांची गाठोडी बांधतात, जी पुढे काळी पडून शरीराच्या आतल्या बाजूला चिकटून राहतात. ही गाठोडी बांधण्याच्या कामात लागणारे एक प्रथिन प्रथम टसरच्या अळीतच सापडले, ही गोष्ट विदर्भाच्या वाचकांना फारशी ठाऊक नाही. हैदराबादच्या डीएनए फिंगरप्रिंटिंग व निदान केंद्रात जे. नागराजू यांच्या गटाने टसरच्या अळ्यांना जिवाणू टोचून त्यांच्या मेदपिंडात, म्हणजे यकृताचे काम करणाऱ्या अवयवात, कोणती जनुके जागी होतात ते तपासले आणि २००७ मध्ये ‘नोड्युलर’ नावाच्या प्रथिनाचे वर्णन प्रसिद्ध केले. हे प्रथिन एकीकडे जिवाणूला आणि दुसरीकडे रक्तपेशीला चिकटते. ते बनू दिले नाही तर गाठोडी कमी बांधली जातात आणि अळीच्या अंगात जिवाणूंची संख्या वाढते.

तिसरे साधन मेदपिंडातूनच येते, ते म्हणजे जिवाणूंच्या आवरणाला भोके पाडणारी छोटी प्रथिने. त्यांचा शोधही टसरच्याच कुळातल्या एका पतंगामुळे लागला. स्वीडनमधील हान्स बोमन यांनी उत्तर अमेरिकेतील सेक्रोपिया पतंगाचे सुप्तावस्थेतले कोशस्थ जीव निवडले, कारण झोपी गेलेल्या त्या जीवात नवी प्रथिने जवळजवळ तयार होत नाहीत आणि त्याला जिवाणू टोचल्यावर जे काही नवे तयार होईल ते आपोआप उठून दिसते. १९८१ मध्ये त्यांच्या गटाने अशा दोन प्रथिनांची रचना जाहीर केली आणि पतंगाच्या नावावरून त्यांना सेक्रोपिन म्हटले. पुढे याच गटाला डुकराच्या आतड्यातही सेक्रोपिन मिळाले आणि सस्तन प्राण्यांतही ते असते असा बोलबाला झाला, परंतु काही वर्षांनी ते डुकराचे नसून त्याच्या आतड्यात राहणाऱ्या जंताचे असल्याचे निष्पन्न झाले. उन्हाळाभर झोपड्यांत टांगून ठेवलेल्या टसरच्या बीजकोशांच्या आत जो जीव पहिल्या पावसाची वाट पाहत झोपलेला असतो, तो बोमन यांच्या त्या प्रयोगातल्या जीवाचा जवळचा आप्त आहे.

इतकी शस्त्रे असताना रोग होतोच कसा, या प्रश्नाचा सर्वांत बारकाईने अभ्यास समुद्रातल्या शिंपल्यांवर झाला आहे. कोकणात ज्यांना कालवे आणि तिसऱ्या म्हणतात त्यांचे भाईबंद युरोपच्या किनाऱ्यांवर मोठ्या प्रमाणावर पाळले जातात, आणि तिथे व्हिब्रिओ या सागरी जिवाणूच्या निरनिराळ्या जातींनी त्यांची अतोनात हानी केली. १९८७ मध्ये फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावर पाळीव तिसऱ्यांच्या शिंपल्याच्या आतल्या कडेला तपकिरी कडे दिसू लागले. त्याला कारण ठरलेला व्हिब्रिओ टॅपेटिस हा जिवाणू रक्तपेशींना मारण्याची घाई करत नाही. त्याच्या सान्निध्यात त्या पेशी आपले लांब पसरलेले पाय आखडून गोल होतात, आणि पायच नसलेली पेशी कुठे चिकटू शकत नाही की कुणाला गिळू शकत नाही.

कालवांवरचा दुसरा एक व्हिब्रिओ याच्या नेमका उलट वागतो. कालवाच्या रक्तात एक प्रथिन असते, जे परक्या वस्तूला चिकटून ‘हे गिळा’ अशी खूण रक्तपेशीला करते. व्हिब्रिओ टास्मानिएन्सिस आपल्या बाह्य आवरणावरील एका प्रथिनाने हे खुणेचे प्रथिन स्वतःहून अंगावर चढवून घेतो आणि रक्तपेशीकडून मुद्दाम गिळला जातो. आत गेल्यावर पेशी त्याच्यावर तांब्याचा आणि प्राणवायूच्या दाहक रूपांचा मारा करते, पण तांबे बाहेर फेकणारा पंप आणि दाह शमवणारे विकर ही दोन्ही त्याच्याजवळ तयार असतात. म्हणून जी पेशी त्याला संपवण्यासाठी आली तिच्याच पोटात तो सुखाने राहतो. गुन्हेगाराने पोलिसाचा गणवेश घालून ठाण्यातच मुक्काम करावा, तसा हा प्रकार आहे.

झिंग्यांच्या बाबतीत तर समुद्र आणि जंगल यांच्यातले अंतर आणखी कमी होते. २००९ च्या सुमारास चीनमध्ये आणि नंतर व्हिएतनाम, थायलंड या देशांत कोळंबीच्या शेततळ्यांत पिल्ले सोडल्यावर थोड्याच दिवसांत ती घाऊक मरू लागली. २०१३ मध्ये त्याचे कारण व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकस या जिवाणूच्या काही वाणांत सापडले आणि पुढे त्यांचे घातक विष दोन प्रथिनांच्या जोडीचे असल्याचे कळले. ही जोडी फोटोऱ्हॅब्डस नावाच्या जिवाणूच्या एका विषाशी जुळते, आणि फोटोऱ्हॅब्डस हा मातीतल्या सूत्रकृमींच्या पोटात राहून कीटकांच्या अळ्या मारणारा जिवाणू आहे. अळीसाठी असलेल्या हत्याराच्या नात्यातले हत्यार समुद्रातल्या जिवाणूने कोळंबीवर चालवले, असे यावरून म्हणता येते.

पुन्हा ऐनाच्या झाडाकडे वळले तर तिथे शत्रूंची तीन-चार घराणी दिसतात आणि प्रत्येकाची चुकवण्याची तऱ्हा निराळी असते. जिवाणूंचा रोग ओळखण्याच्या खुणा कोसा पोसणाऱ्यांना चांगल्या ठाऊक असतात: अळीची विष्ठा सुट्या गोळ्यांऐवजी माळेसारखी जोडलेली पडते, गुदद्वाराच्या कडा चिकटून बंद होतात किंवा आतड्याचा शेवटचा भाग बाहेर लोंबतो. विषाणूच्या रोगात अळी शेवटच्या पायांनी फांदीला धरून डोके खाली सोडून लटकते. टसरचा हा विषाणू प्रथिनांच्या स्फटिकात बंद होऊन पानावर पडून राहतो, त्यामुळे ऊन-पाऊस त्याला सहज संपवत नाहीत, आणि अळीच्या पोटातल्या क्षारयुक्त रसातच तो स्फटिक विरघळून विषाणू मोकळा होतो. म्हणजे पान पचवण्यासाठी जो रस आहे, त्याचाच उपयोग त्याने किल्लीसारखा करून घेतला आहे.

जिवाणूंमधला सर्वांत अभ्यासलेला शत्रू बॅसिलस थुरिंजिएन्सिस हा होय. १९०१ मध्ये जपानचे इशिवाता यांनी तो रेशमाच्या आजारी किड्यांतच प्रथम पाहिला, आणि आज त्याच्या विषाचे जनुक घातलेला बीटी कापूस यवतमाळ-वर्ध्यापासून चंद्रपूरपर्यंत सर्वत्र उभा असतो, हा इतिहासाचा एक वळसाच म्हणायचा. त्याचे स्फटिकरूप विष आतड्याच्या भिंतीला भोके पाडते, हे कापसाच्या निमित्ताने बहुतेकांना माहीत झाले आहे. परंतु आतडे फोडून रक्तात उतरल्यावर सेक्रोपिनसमोर तो टिकतो कसा, हा प्रश्न उरतो. बोमन यांच्या प्रयोगशाळेतच असे आढळले की हा जिवाणू एक विकर बाहेर सोडतो आणि ते विकर पतंगाची जिवाणूनाशक प्रथिनेच कापून टाकते. इतर जिवाणू ज्या रक्तात विरघळून जातात त्या रक्तात हा त्यामुळे वाढत राहतो.

उझी माशीची युक्ती मात्र सर्वांवर कडी करणारी आहे. ही माशी टसरच्या अळीच्या अंगावर अंडे चिकटवते, त्यातून निघालेले किडूक कातडीला भोक पाडून आत शिरते आणि शिरल्या जागी एक काळा डाग उरतो, ज्यावरून जाणता माणूस ती अळी माशीने धरलेली आहे हे ओळखतो. अळीच्या रक्तपेशी नेहमीप्रमाणे या घुसखोराभोवती जमतात, मेलॅनिनचे कवच चढवू लागतात आणि त्याला गुदमरवून मारण्याच्या बेतात असतात. या कुळातल्या माश्यांची किडुके त्या कवचाचे टोक बाहेरच्या हवेकडे उघडे ठेवून त्याची नळी करून घेतात आणि तिच्यातून श्वास घेत आतली चरबी खात राहतात. अळीने कबर म्हणून जे बांधले ते पाहुण्याच्या घराचे धुराडे ठरते. शिंपल्यातल्या व्हिब्रिओने फक्त गणवेश चोरला होता, इथे तर घरच यजमानाकडून बांधून घेतले आहे.

तरीही कोसा पोसणाऱ्याच्या दृष्टीने सर्वांत वाईट शत्रू यांपैकी एकही नाही. ते स्थान पेब्रीन या रोगाचे आहे. दक्षिण फ्रान्सच्या बोलीत मिरीला ‘पेब्रे’ म्हणतात, आणि तिथल्या तुतीच्या रेशीमकिड्यांच्या अंगावर मिरपूड भुरभुरल्यासारखे काळे ठिपके पडत म्हणून हे नाव रूढ झाले. हा रोग नोसेमा नावाच्या सूक्ष्मजीवाने होतो, जो जिवाणू नाही आणि विषाणूही नाही; मायक्रोस्पोरिडिया या ज्या गटात तो मोडतो त्याला पूर्वी आदिजीवांत धरत, आता त्याचे नाते बुरशीशी लावतात. त्याचा बीजाणू चार-पाच मायक्रॉन लांबीचा, म्हणजे मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यांतल्या चार-पाच भागांएवढा, गुळगुळीत अंड्यासारखा चमकणारा असतो, आणि त्याच्या आत एक पोकळ नळी दोरखंडासारखी गुंडाळून ठेवलेली असते. पानाबरोबर हा बीजाणू अळीच्या पोटात गेला की तिथल्या क्षारांनी तो जागा होतो, आतला दाब वाढतो आणि दोन सेकंदांच्याही आत ती नळी उलटी होत बाहेर फेकली जाऊन आतड्याच्या पेशीत घुसते. मग बीजाणूचा सगळा जीवनरस त्या नळीतून त्या पेशीत ओतला जातो.

या एका झेपेने त्याने काय साधले, हे पाहण्यासारखे आहे. ओळख पटवणारी प्रथिने, गिळणाऱ्या पेशी, सेक्रोपिन, काळे पडणारे रक्त ही सगळी सेना अळीच्या रक्तात उभी असते, आणि नोसेमा रक्ताला वळसा घालून थेट पेशीच्या आत पोचतो, जिथे त्याला यांपैकी कुणी पाहू शकत नाही. संसर्ग झालेली पेशी काही वेळा स्वतःला संपवून शेजाऱ्यांना वाचवते, परंतु तुतीच्या किड्यावरील नोसेमावर झालेल्या संशोधनात तो पेशीचा हा आत्मनाशही रोखून धरतो असे दिसले आहे. पेशीतले अन्न खात तो दुणावत जातो आणि शेवटी तिच्यात बीजाणूंची रास उरते.

मात्र एका अवयवातून दुसऱ्यात जाताना त्याला रक्त ओलांडावेच लागते, आणि इथे त्या लगामाचा संबंध येतो. नोसेमाग्रस्त किड्याचे रक्त बाहेर काढले तर ते निरोगी किड्याच्या रक्तासारखे काळे पडत नाही, ही विचित्र गोष्ट संशोधकांच्या लक्षात आली होती. चीनमधील संशोधकांनी अलीकडे तिचे कारण दाखवून दिले: तुतीच्या किड्यातला नोसेमा स्वतःचे एक सर्पिन बनवून यजमानाच्या रक्तात सोडतो, आणि ते सर्पिन फिनॉलऑक्सिडेजला जागे करणाऱ्या विकरालाच पकडून निकामी करते. अळीने स्वतःच्या संरक्षणासाठी ठेवलेल्या लगामासारखाच दुसरा लगाम शत्रूने तिच्या तोंडात घातला आणि घट्ट ओढून धरला. कातडीवर मिरपुडीसारखे जे ठिपके दिसतात तेही मेलॅनिनचेच असतात, त्यामुळे काळे पडण्याची शक्ती अळीने गमावलेली नसते हे उघड आहे. रक्तात मात्र ती दाबून टाकलेली असते.

एवढ्यावरही हा रोग इतरांसारखाच एक ठरला असता. त्याला वेगळे करणारी गोष्ट अशी की तो फार घाईने मारत नाही. हलका संसर्ग झालेली अळी थोडी खुरटते, एकाच पुंजातल्या, म्हणजे एकाच मादीच्या अंड्यांतल्या, अळ्या लहान-मोठ्या दिसतात, कात टाकण्याचे वेळापत्रक चुकते, तरी त्यांतल्या कित्येक कोसा विणतात आणि पतंग होऊन बाहेर पडतात. अशा मादीच्या अंडाशयात नोसेमा आधीच पोचलेला असतो, आणि ती जी दीडशे-दोनशे अंडी घालते त्यांतल्या अनेकांच्या आत तो बसलेला असतो. अंड्यातून निघणारी अळी जन्मतःच रोगी असते. तिच्या विष्ठेतले बीजाणू पानांवर पडतात, शेजारच्या निरोगी अळ्या ती पाने खातात, आणि एका वाईट पुंजावरून संपूर्ण झाडांचा पट्टा बाधित होतो. अंडी फॉर्मेलिनसारख्या द्रावणात धुतली तर कवचावरचे बीजाणू मरतात, कवचाच्या आतले मरत नाहीत.

याच अडचणीपाशी १८६५ मध्ये लुई पाश्चर येऊन पोचले. फ्रान्समध्ये १८५३ साली सुमारे २ कोटी ६० लाख किलो कोष निघाले होते, ते बारा वर्षांत ४० लाख किलोंच्या आसपास घसरले होते, आणि आपले गुरू द्यूमा यांच्या आग्रहावरून पाश्चर दक्षिणेतल्या आलेस गावी गेले, तेव्हा रेशीमकिड्याविषयी त्यांना काडीचीही माहिती नव्हती. त्यांची सुरुवात चुकीच्या तर्कांनी झाली. चमकणारे ते कण हे रोगाचे कारण आहेत हे मानायलाही त्यांना बराच वेळ लागला, आणि या कामाच्या ऐन मध्यात, १८६८ मध्ये, त्यांना पक्षाघाताचा झटका आला. १८७० मध्ये त्यांनी आपले निष्कर्ष दोन खंडांत छापले. त्यांनी सुचवलेला उपाय औषधाचा नव्हता. प्रत्येक मादीला वेगळी अंडी घालू द्यावी, नंतर त्या मादीला खलात वाटून तो रस सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा, आणि एकही बीजाणू दिसला तर तिची अंडी जाळून टाकावी, इतका तो साधा होता. जी स्मृती किड्याच्या शरीरात नाही ती माणसाने आपल्या नोंदवहीत ठेवावी, असे त्याचे स्वरूप होते.

दीडशे वर्षांनंतर टसरच्या बीजागारांत हेच केले जाते. मीलनानंतर मादीला स्वतंत्र ठेवतात, अंडी घालून झाल्यावर तिच्या पोटाचा भाग क्षाराच्या द्रावणात कुटतात, त्याचा थेंब काचेच्या पट्टीवर घेऊन सहाशे पट मोठा करून पाहतात, आणि जिच्यात चमकते अंडाकृती कण नाहीत तिच्याच अंड्यांना ‘रोगमुक्त अंडीपुंज’ म्हणतात. केंद्रीय रेशीम मंडळाची रांची येथील टसर संशोधन संस्था १९६४ पासून या कामाचे शास्त्र पाहते, आणि महाराष्ट्रात ते नागपूरच्या रेशीम संचालनालयामार्फत कोसा पोसणाऱ्यांपर्यंत पोचते. पद्धत बिनचूक आहे, तिच्या भोवतालची परिस्थिती मात्र तशी नाही. तुतीचे किडे बंद खोलीत ट्रेवर वाढतात, तिथे भिंती धुता येतात. टसरची अळी उघड्या जंगलात वाढते, तिथे पक्षी, मुंग्या, गांधीलमाश्या आणि माकडे यांच्यापासून राखण करण्यात दिवस जातो, आणि एखाद्या जुन्या रोगी पिकाचे बीजाणू झाडाखालच्या पाचोळ्यात पडलेले असले तर ते कोण शोधणार?

तरी पेब्रीनच्या बाबतीत मोठी चूक जंगलात होत नाही, असेच या सगळ्या विवेचनावरून दिसते. तपासलेले पुंज वेळेवर पुरेसे मिळाले नाहीत की मागच्या पिकातले टपोरे कोसे बाजूला काढून घरीच बीज धरले जाते, आणि टपोरा कोसा म्हणजे निरोगी मादी हा समज रोगाला पिढ्यान्‌पिढ्या पोसतो, कारण हलक्या संसर्गाची मादीही चांगला कोसा विणते. इथे दोष केवळ पोसणाऱ्याचा म्हणणे अन्यायाचे होईल. पहिला पाऊस पडून पालवी फुटली आणि पुंज हाती नसले तर हंगाम त्याच्यासाठी थांबत नाही. म्हणून पुंज वेळेवर आणि पुरेसे पोचवणे हाही रोगनिवारणाचाच भाग मानला पाहिजे.

कोसा पोसणाऱ्यांनी एवढे तरी सोडू नये: घरचे बीज धरायचेच असेल तर अंडी घातलेल्या माद्या फेकून न देता प्रत्येकीच्या अंड्यांच्या खुणेसह जवळच्या बीजागारात तपासणीसाठी न्याव्यात, एकाच पुंजात खुरटलेल्या आणि माघारलेल्या अळ्या दिसल्या तर त्या झाडाखाली टाकू नयेत, चुना घातलेल्या खड्ड्यात पुराव्यात, आणि त्या झाडावरचा एकही कोसा बीजासाठी ठेवू नये.